मीठ पत्रा खातं

पाणी उद्या पहाटे येईल. नाहीतर परवा.
आज चौथा दिवस,
आणि मौलाली मिस्त्री गाडीखालून सांगतो,
"गोड्या पाण्यानं धू बे, आजच्या आज.
मीठ पत्रा खातंय,
आणि खाताना आवाज करत नाही."

दारात दीड बॅरल.
प्यायचं भाग्यानं आधीच वर काढून ठेवलंय.
उरलेल्यात अंघोळी, भांडी,
आणि ही मेहुण्याची सुमो,
सोमवारी जशीच्या तशी परत करायची आहे.

पायाखालची मॅट उचलली
तर खाली गुहागर.
सीटच्या फटीत वेळणेश्वरचा अर्धा शिंपला.
मागे, नायना बसले होते तिथं,
वाळूत कालवलेली शेंगाचटणी
आणि कडक भाकरीचे तुकडे,
कुंभार्ली घाटात वळणावळणाला मोडलेले.
झाडूनं एकत्र केलं सगळं. टाकवेना.
जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधून ठेवलं.

नायनांनी चाळीस वर्षं माग चालवला.
कान मागातच राहिले,
हात तेवढे घरी आले.
समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला आणि
काहीच म्हणाले नाहीत.
दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता,
त्याची किनार उलटून बघितली,
अंगठ्यानं दोरे मोजले,
"आपला नाही," म्हणाले,
आणि मग पाण्याकडे वळले.

तवसाळच्या जेट्टीवर गाडी बोटीत चढली
तेव्हा ते दाराची कडी धरून होते.
जयगड येईपर्यंत सोडली नाही.

पण त्याच्या आदल्या दिवशी, हेदवीला,
खडक जिथं उभा चिरलाय
आणि लाट आत शिरून वर उसळते,
तिथून थोडं पुढं एक कपार होती, ओहोटीलाच उघडणारी.
मी नको म्हणत होतो. शेवाळ होतं.
ते धोतराचा सोगा खोचून
हातापायांवर आत गेले,
एकाहत्तराव्या वर्षी.
अंधार, खारट वास,
वरून थेंब मानेवर.
त्यांनी पंजा भिंतीवर टेकवला.
पलीकडे कुठंतरी पाणी आदळत होतं,
मला कानानं ऐकू येत होतं,
त्यांना कोपरापर्यंत.

"मग्गम," म्हणाले.
माग.
घरी तेलुगूत बोलतो आम्ही, पण हा शब्द
गिरणीपासची खोली सोडल्यापासून
मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.
मग बराच वेळ हात तसाच.
"सातव्याला तुटतंय," म्हणाले,
आणि बोटं आपोआप हलली,
तुटलेलं टोक शोधायला, गाठ मारायला.
भरती लागली होती. मी खांदा हलवला.
त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं
ते पाळी संपल्याचा भोंगा ऐकून बघावं तसं.

बादली दोन. बादली तीन.
दत्त नगरच्या बोळातून गढूळ ओघळ निघाला,
शेजारचा येमूल ओट्यावरनं बघतोय,
पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
हा माणूस गाडी धुतोय.
त्याला काय सांगू?
त्याच्या पोरानं ओघळात बोट बुडवून चाटलं,
थू केलं,
पुन्हा चाटलं.

चौथी बादली मी टाकली नाही.
मडगार्डच्या आत एक पांढरी रेघ राहिली आहे.
मेहुण्याला दिसणार नाही,
मौलालीला दिसेल, तो शिव्या देईल.

रात्री अडीचला
नळ आधी हवा सोडायला लागला,
घशातून, लांबून,
अंधारात कुणी आत श्वास ओढावा तसा.
मी उठलो तर नायना आधीच तिथं,
ओणवे, लोखंडी पाइपावर पंजा टेकून.
ऐकू त्यांना काहीच येत नाही.

"थांब," हातानंच म्हणाले.
मोजत होते.
पाच. सहा.

मग हात न काढता ओरडले,
"भाग्या, घागरी आण!"