चौथा खंड कोणाकडे आहे

मे महिन्यात आमच्या पुस्तकांना वाळ्याचा वास येतो.
मडावीच्या खोलीत एकच कूलर,
त्याच्या तोंडासमोर आम्ही चौघं, पाय पसरून.
पाणी उडतं, कडा ओल्या होतात, पानं फुगतात.
पहिला खंड आता दोन खंडांएवढा जाड झालाय.

नावं अशी, की सांगून होईस्तोवर तर्री निवते:
मागच्या जन्मी मी हिशेबनीस होतो म्हणून या जन्मी
राक्षसांच्या राजानं मला नोकरी दिली पण पगार वेळेवर होत नाही.
सीताबर्डीच्या दुकानदाराच्या बिलावर हे मावलं नाही.
त्यानं लिहिलं: जपानी, नग एक.

वासनिक म्हणते, दोन खंड दम धर बे,
तिसऱ्यात खरी मजा येऊन राहिली.
झुबेरला तलवारवाला हिरो नको,
त्याला दुसऱ्या जगातला खानावळवाला पाहिजे,
जो ड्रॅगनलाही विचारतो, तिखट चालते का?
मी आधी चित्रं बघते. सगळे मला त्यावरून बोलतात.

कोणाला काय द्यायचं, याचे आमचे नियम आहेत.
बारावीत राहिलेल्याला जादूच्या शाळेचं देऊ नये.
नुकतं लग्न मोडलेल्या वासनिकच्या ताईला
आम्ही एका गोगलगायीचे तीन खंड दिले.
ताईनं चौथा मागितला, तेव्हा आम्ही पेढे आणले होते.

आणि ट्रक.
पहिल्या दहा पानांत ट्रक येतोच,
पोरगा मरतो, डोळे उघडतो ते दुसऱ्या जगात.
कोराडी रोडवर कोळशाचा ट्रक दिसला
की कोणीतरी म्हणायचंच,
सरक बे, नाही तर तिकडे उठशील.
सगळ्यात जास्त निहाल हेडाऊ म्हणायचा.

आता कोणी म्हणत नाही.

हिशेबनीसाचा चौथा खंड त्याच्याकडेच राहिला.
त्या घरी पुस्तक मागायला कोण जाणार?
तिसऱ्यानंतर आम्ही सरळ पाचवा वाचला,
मधलं आपसात अंदाजानं भरून काढलं.

परवा त्याची बहीण आली, रेवा, दहावीतली.
डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात.
बॅगेतून पुस्तक काढलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं,
आत मेट्रोचं तिकीट.
दादाची खूण एकशे बारावर होती, म्हणाली,
ती तशीच ठेवली. पुढचं मी वाचलं.
पाचवा कोणाकडे आहे?

मी घाईघाईनं खानावळवालं पुढे केलं:
हे ने ना, यात कोणी मरत नाही,
दोनशे पानं नुसत्या भाज्या चिरतात.

पहिला वाचला मी, ती म्हणाली.
ट्रक आहे. माहीत आहे मला.
मग कूलरकडे बघत विचारलं,
तिकडे गेल्यावर तो घरी काही कळवतो का?

एवढे खंड वाचले, भांडलो,
कोणती शक्ती कितव्या पातळीवर मिळते हे तोंडपाठ केलं,
पण हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.
त्याची आई पहिल्या प्रकरणातच राहते,
गॅसवर काहीतरी ठेवून.

मडावीनं पाचवा काढून तिच्या हातात दिला.
अजून तरी नाही कळवलं, म्हणाला. नऊपर्यंत नाही.
दहाव्यात असेल.

दहावा निघालेला नाही.
लेखिकेनं सहा वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही.
हे आम्ही तिला सांगू,
ती आठवा परत आणेल तेव्हा. किंवा नववा.

ती गेली. सायकल वळणावरून दिसेनाशी होईस्तोवर
झुबेर रणरणत्या गेटात उभा होता, बिनटोपीचा.
वर आला आणि म्हणाला, काढ बे तो चौथा.

आम्ही वाचायला बसलो, एकाच प्रतीवर चार डोकी.
एकशे बाराला थोडं थांबलो.
अंदाजानं भरून काढलेलं
बहुतेक सगळं चुकलं होतं.