पाणी

इथे अनाथाश्रम म्हणत नाहीत, होम म्हणतात.
मोरकॅमच्या मागच्या रस्त्यावर, दातांच्या दवाखान्याला लागून,
सहा मुलं, सहा खोल्या,
आणि रात्रपाळीला मी, हर्णैची.

ओटिस बोलत नाही.
त्याच्या मांडीवर अठ्ठेचाळीस चित्रांची पाटी:
दुखतंय, नको, संडास, टीव्ही, पाणी.
आईचं चित्र कुणीतरी विचार करून काढलंय.
तिथे डिंकाचा पिवळा चौकोन.

अकरा रात्री तो पाण्यावर बोट ठेवत होता.
बोट म्हणजे अख्खी मूठ. ती तिथवर न्यायला
त्याला पाव मिनिट लागतं,
आणि त्या पाव मिनिटात मध्ये बोलायचं नसतं,
एवढं मी पहिल्या महिन्यात शिकले.
मी पेला धरायची. तो तोंड फिरवायचा.
कोमट, गार, नळी लावून, सरबत घालून.
वहीत लिहायची: पाणी मागितलं, घेतलं नाही.
खाली शेरा आला: सवय आहे. लक्ष देऊ नये.

बाराव्या रात्री वारा खाडीवरून आला,
खिडकीची फट वाजली
आणि ओटिसची मान तिकडे वळली.
अगं मूर्ख बाई, मी मला म्हटलं,
तुझ्या बापाने उभ्या जन्मात
समुद्राला समुद्र म्हटलं होतं का?
पाणी चढलंय. पाणी उतरलं. एवढंच.

ग्वेनिथने धोक्याचा अर्ज भरायला लावला, पाच पानं.
'अपेक्षित लाभ' या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पाणी, असं लिहिलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी
धक्क्याच्या उतारावर त्याची खुर्ची लावली,
ब्रेक दोनदा तपासले.
टॅम्सिनही आली, खिशात मोजायचे सात चमचे घेऊन.
आणि समोर समुद्रच नव्हता.
कोसभर चिखल, चकाकणारा, त्यावर पक्ष्यांचे ठिपके.
सुकतीची वेळ बघायला विसरले मी,
कोळ्याची लेक.
परत फिरू या का रे?
मूठ निघाली. पाव मिनिट.
नको.

मग थांबलो. घोंगडी, थर्मास,
एक ते सात, पुन्हा एक ते सात.
फार उशिराने लांबची राखाडी रेघ जाड झाली
आणि धावतच आली, बाजूच्या ओहोळांतून,
पक्षी उठवत.
ओटिसच्या घशातून एक आवाज निघाला,
जो वहीत कुठेच नव्हता.
पहिली लाट त्याच्या बुटांपासून हातभरावर थांबली.
माझे डोळे भरले. त्याची मूठ पाटीवर सरकत होती.
काहीतरी मोठं येतंय, म्हणून मी श्वास धरला.

संडास.

पळालो. चढ, खुर्ची, मागे खुळखुळणारे चमचे.

त्या रात्री पुन्हा पाणी.
मी शहाण्यासारखी खिडकी उघडली.
त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थांबला,
मला जरा वेळ लागतो, हे ठाऊक असल्यासारखा.
मग तीच मूठ, तोच चौकोन.

पेला धरला.
सगळा संपवला त्याने.