सहा फुटाला दोन बोटं कमी

मधलं बाक निघता निघेना.
एकोणीस वर्षं त्याच्यावर चारांच्या जागी सहा बसले,
चोपडा-यावल, यावल-चोपडा.
बोल्ट गंजून लोखंडाला लोखंड धरून बसलेलं.
यांनी डिझेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं,
सकाळी पान्याला पाइप अडकवून दोघं लोंबकळलो.
कट्ट झालं
आणि आख्खं बाक माझ्या पायाशी.

खाली शेंगांच्या टरफलांचा वीतभर थर,
दोन रुपयांची नाणी,
एक जोडवं.
सगळं झाडलं. जोडवं काचेच्या पट्टीवर ठेवलंय,
कुणी विचारत आलं तर.

फळी टाकली. हुसनोद्दीन मिस्तरीनं टेप लावला:
सहा फुटाला दोन बोटं कमी.
हे म्हणाले, चालेल.
मी म्हटलं, नाही चालणार.
लग्नसराईत वऱ्हाड मांडवात जेवायचं
आणि हा माणूस स्टेअरिंगखाली गुडघे मुडपून.
जळगावच्या सिव्हिलसमोर तीन रात्री तसाच.
घरी खाटेवर निजला तरी डावा पाय
मध्येच क्लच दाबायचा.
दोन बोटं पाहिजेत मला.
मिस्तरी हसला, ड्रायव्हरमागचा पत्रा कापला,
टाचांपुरती खिडकी केली.

गादी पिंजाऱ्याकडून, दादरच्या भाकरीएवढीच जाड सांगितली;
जास्त जाड केली तर छत नाकाला लागतं.
तिच्याखाली केळीच्या पेट्यांचा पुठ्ठा, दुहेरी,
पत्रा पहाटे गार पडतो म्हणून.
वर चटई, कारखान्यातली, कडेला जरा फसलेली, स्वस्तात.
ठिबकच्या नळीत तार ओवून पडद्याची दांडी.
काचेला मच्छरदाणी; चिकटपट्टी दोनदा सुटली,
मग सुईदोरा घेऊन रबराला शिवून टाकली.
पाण्याचा कॅन दाराशी, स्टोव्ह बाहेरच. आत पेटवायचा नाही
हे मी खडूनं दारावर लिहिलंय.
त्यांना वाचता येतं, विसरायलाही येतं.

समोरच्या लीलाबाई कडेवर नातू घेऊन आल्या:
“काय करी राहिनात? गाडीमा घर?”
तोरणमाळला जायचंय, दोन रात्री.
“कोणाकडे?”
कोणाकडेच नाही.
त्या बराच वेळ उभ्या होत्या.
त्यांच्याच्यानं ते ‘कोणाकडेच’ गिळवेना.

एकदा, फार मागे,
धानोऱ्याला माहेरी निघाले होते याच गाडीतून.
अडावदला सवाऱ्या मिळाल्या तीन.
यांनी मला उतरवलं.
“पुढच्या फेरीला नेतो,” म्हणाले.
चिंचेखाली दीड तास बसले पिशवी घेऊन.
पुढची फेरीही भरलेलीच आली.
हे त्यांना आठवत नाही.
मी आठवण करून दिली नाही,
फक्त माझ्या बाजूची उशी
जरा मोठी भरून घेतली.

काल अंगणाबाहेर, निंबाखाली,
सरावाची पहिली रात्र.
परातीत पाणी घेऊन फळीवर ठेवलं,
ते डावीकडे सरकलं; डाव्या चाकाखाली वीट दिली.
काच दोन बोटं उघडी,
नाहीतर सकाळी आपलाच श्वास थेंब होऊन टपकतो.
कळण्याची भाकरी, भरीत, पाय खाली सोडून खाल्लं,
दारातल्या पायरीवर,
जिथं क्लीनर लोंबायचा.

मग आडवे झालो.
यांनी पाय लांब केले. आणखी लांब केले.
टाचा त्या खिडकीतून पलीकडे गेल्या
आणि तिथंच थांबल्या.
क्लच नाही. ब्रेक नाही.
मी बराच वेळ वाट पाहिली.

पहाटे, अजून अंधारच,
कुणीतरी पत्र्यावर थाप मारली.
“यावल का, भाऊ?”
हे सवयीनं उठायला लागले.
मी छातीवर हात ठेवला,
पडदा चार बोटं सारला
आणि सोळा सवाऱ्यांच्या त्या गाडीतून म्हणाले:
भरली.