सहा व्होल्ट

मडगार्डच्या आतून माती खरवडली,
थरावर थर, वाळून ढेप झालेली.
सगळ्यात आतला थर जुन्या रस्त्याचा असणार,
जो आता धरणाच्या पोटात आहे.
मी तो कागदात बांधून ठेवला. कशाला, माहीत नाही.

बाबा लाइनमन होते. एकवीस गावं,
एक पक्कड, खांबावर चढायचा दोर आणि ही राजदूत.
गावोगाव उजेड जोडून परतायचे
आणि त्यांच्या स्वतःच्या हेडलाइटला
समोर बसलेला बैल दिसायचा नाही.

दारव्ह्याचा इसाकमिस्त्री म्हणाला,
"भंगारात सहा हजार येतीन, बाई.
ठेवाची असन तं नीट ठेव."
मी म्हणाले, ठेवायची.

वैशाखात दुपारी पाना हातात धरवत नाही,
म्हणून चारनंतर, कडुनिंबाखाली.
हेडचा चौथा नट तीन रात्री डिझेल प्याला
आणि मग असा सुटला,
जसं अबोला धरलेलं माणूस
आपणहून चहा मागतं.

पिस्टनच्या डोक्यावर डांबरासारखा कार्बन.
लोखंड लावायचं नाही, ओरखडा पडतो.
बांबूची काडी आणि सरकी काढलेला कापूस,
दोन संध्याकाळी.
खालून बाण निघाला,
सायलेन्सरकडे तोंड केलेला.
बाबांनी तो बरोबर बसवला होता.

टूलबॉक्समध्ये पोस्टकार्डाचं चिटोरं, दुहेरी घडीचं.
पॉइंटचा गॅप ते याच्यानं मोजत.
गेज परवडत नव्हता असं नाही,
भरवसा यावर होता.
शाई उडून एवढंच उरलंय:
"बाकी ठीक आहे. तु"
अक्षर पुसदच्या आत्याचं.
तुम्ही, तुझी, की तुला,
मी फोन करून विचारलं.
आत्या म्हणाली, तूरच असन.

आता पॉइंट नाहीत.
मॅग्नेटोची कॉइल अकोल्याहून
बारा व्होल्टची गुंडाळून आणली,
सीडीआय बसवलं, काडेपेटीएवढं काळं खोकं,
ज्याला स्क्रू नाही, झाकण नाही.
बिघडलं तर फेकायचं, नवं लावायचं.
इसाकमिस्त्रीनं ते तळहातावर उलटंपालटं केलं.
"याच्यात माह्यासाठी काईच नाई ठेवलं."

पाच लिटरला पाव लिटर ऑइल.
तिसऱ्या किकला चालू झाली.
निळा धूर अंगणभर,
शेजारची बकरी दावं तोडून पळाली,
तिला शोधण्यात तास गेला.

रात्री आर्णी रोडला काढली.
उजेड पांढरा, सरळ.
बाभळी एकेक करून दिसल्या,
बंधाऱ्यावरचा ससा, पऱ्हाटीच्या गंज्या,
दगडावरचे किलोमीटरचे आकडेसुद्धा.
इंजिन मंद केलं तरी उजेड मंद झाला नाही.

आई दारात होती.
"आलीस? मले तं समजलंच नाई.
तुहा बाप नाल्यात उतरला का
लाइट विझ्याले ये,
चढावर रेस केली का मंग फुले.
मी तवा ठेवो."

आठ दिवस हे डोक्यात राहिलं.
जुनी कॉइल परत बसवता येते,
इसाकमिस्त्री तर पैसेही घेणार नाही.
पण मला बैल वेळेवर दिसायला हवा.

म्हणून आता नाल्यात उतरताना
मी स्विच बंद करते, तीन मोजते,
हँडल घट्ट धरून,
आणि चढाला लागलं की पुन्हा लावते.

काल आत आले तर तवा तापलेला.
"दिसला?" मी विचारलं.
भाकर थापता थापता ती म्हणाली,
"दिसला. पण तुह्या बापाचा लाइट
असा खटकन विझत नव्हता वं.
त्याले टाइम लागे."