वळसा

मोम्बासाच्या जुन्या गावात, वेलदोड्याच्या वखारीवर
आमची खोली. रात्रंदिवस अठरा अंश.
खाली घामानं निथळणारी गल्ली,
वर स्वेटर घातलेल्या दोघी : काड्झो आणि मी.

पहिल्याच रात्री तिनं विचारलं,
इंटरनेट कुठं असतं, सौमू?
मी छताकडे बोट केलं.
ती हसली नाही. म्हणाली, तसं काही नसतंच.
असतात ती नेटवर्कं. प्रत्येकाला एक आकडा,
आकड्यामागे एक हट्टी माणूस.
ऑटोनॉमस सिस्टिम, असं लिहून घे,
म्हणजे ज्याचं घर त्याचा कायदा.
उंबऱ्याबाहेर मात्र सगळ्यांची भाषा एकच, बीजीपी,
आणि तिच्यात मुळात वाक्यं दोनच :
माझ्याकडून अमक्याकडे जाता येतं.
आता येत नाही.

खरं कशावरून?
तो म्हणाला यावरून.

म्हणून तर एकदा कुणा पेंगुळलेल्या पोरानं
बँकेचा पत्ता आपलाच म्हणून सांगितला,
आणि चाळीस मिनिटं अर्धा किनारा
त्याच्या दारात पैसे मागत उभा.

प्रत्येक वाटेला शेपूट असतं,
ती ज्यांच्या ज्यांच्या तोंडून आली त्यांचे आकडे.
त्यात आपलाच आकडा दिसला तर वाट टाकून द्यायची;
आपलंच बोलणं गावभर फिरून
आपल्याच कानी आलेलं असतं.
(मला माझी आत्या आठवली.)

ट्रान्झिट म्हणजे भाडं भरून जाणं :
मोठ्याला महिन्याचे पैसे, तो जगभर पोचवतो.
पिअरिंग म्हणजे वाटीभर साखर.
तुझी माणसं माझ्याकडे, माझी तुझ्याकडे,
हिशेब नाही. पण तुझीच हं,
तुझ्या शेजाऱ्याची नाहीत.

मग तिनं दाखवली दोन पोर्टं, चौदा आणि पंधरा.
चौदावर फूमो, पंधरावर म्वानाईदी.
एके काळी एकाच टेबलाचे भागीदार,
आता सात वर्षं एकमेकांच्या सावलीलाही उभे नाहीत.
मध्ये हातभर पिवळी वायर हवी होती.
तेवढी कुणी लावत नव्हतं.

शाळेला फूमोचं नेट, समोरच्या बेकरीला म्वानाईदीचं.
शाळेतल्या बाईंनी चाळीस मांदाझींची ऑर्डर धाडली
की ती समुद्राखालून लंडनला जाई
आणि गल्ली ओलांडून येई.
मी स्वतः वाट मोजली : तीन टप्पे आपले, मग एकशे साठ
मिलिसेकंदांची उडी, मग थेम्सचं पाणी पिऊन परत.
काखेत कळसा नि लंडनला वळसा.

मार्चमध्ये समुद्रात एक केबल तुटली.
अडीच वाजता पडद्यावर दुसरं वाक्य कोसळू लागलं,
आता येत नाही, आता येत नाही,
हजारो ओळी, मला वाचताही येईनात.
उरलेल्या वाटेवर एवढी गर्दी
की ऑर्डर सकाळपर्यंत निघालीच नाही.
बाई शेवटी गच्चीवर गेल्या आणि ओरडल्या,
चाळीस!

दुपारी जिन्यात दोन पावलं वाजली, वेगवेगळी.
काड्झोनं काही न बोलता वायर लावली.
पडद्यावर आलं : ॲक्टिव्ह. मी टाळी वाजवली.
ती म्हणाली, थांब. या भाषेत ॲक्टिव्ह म्हणजे
अजून दार ठोठावणं चालू आहे,
आतून कडी निघालेली नाही.

दोन्हीकडे एकच परवलीचा शब्द लागतो.
तो कुणीतरी आधी उच्चारावा लागतो.
पंखे घरघरत होते. फूमो रॅककडे बघत राहिला
आणि मग भिंतीला सांगावा तसा
एक शब्द म्हणाला. मला वाटतं, एखाद्या होडीचं नाव.
म्वानाईदीनं मान वर केली नाही.
टाइप करताना मात्र एकदा चुकली,
ती, जी कधी चुकत नाही.

एस्टॅब्लिश्ड.
मी पुन्हा वाट मोजली. एक मिलिसेकंद.

दोघं खाली उतरली, एक डावीकडे, एक उजवीकडे.
चहाचे कप तसेच, एकाला ओठही लागले नव्हते.

आणि शाळेच्या बाई?
त्यांना त्या दिवसापासून सवयच लागली.
अजूनही गच्चीवरूनच ओरडतात.