तिसातली सतरावी

तक्रार कोपरखैरण्याची : घंटी वाजते, उचलतात,
मग नुसतं कोरडं.
कोरडं हा शब्द फॉल्टच्या यादीत नाही,
तरी वहीत मी तोच लिहिला.

तुर्भे एक्स्चेंज, रात्रीचे दोन. यंत्रांसाठीचा गारठा,
अंगात तांडेलबाई विसरून गेल्या तो स्वेटर.
ठाण्याकडची तीस सर्किटं,
एकेकीवरून हाक मारत जायचं.
पलीकडे चरईला रात्रपाळीचा गावंड :
"हॅलो. येतंय. पुढची."

सतरावीवर दिवे सगळे हिरवे.
यंत्र म्हणतं, जोडलंय.
गावंडची खुर्ची करकरते ती ऐकू येते,
चहाचा घोटसुद्धा.
"आहेस का रे?"
आहे.
"अरे, आहेस का?"

कार्ड उपसायला हात गेला होता.
थांबलो. माउथपीस जवळ घेतला
आणि सांगून टाकलं,
तुझे चार हजार याही महिन्यात जमत नाहीत,
मार्चपासून तुला टाळतोय,
डबा खायला वरच्या मजल्यावर जातो तो त्यामुळेच.
"हॅलो?" तो म्हणाला. "हॅलो?"

मग कार्ड काढलं, फुंकलं,
खोबणीत खट्‌कन बसवलं.

"हां, आता येतंय.
मघाशी काही बोलत होतास का?"

नाही रे.
अठरावी घे.