रिकाम्याच्या थोडं वर

सिव्हर्ट फ्लेट आला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
गाडी बेटावरच होती, गोठ्यात, विटांवर चढवलेली.
डब्यात तिचे चार मीटर, जुन्या चादरीत गुंडाळलेले,
आणि टाकीतलं बूच, त्याच्या वाकड्या दांडीसकट.
"नव्यासारखे करून दे," म्हणाला,
आणि बोट सुटेल म्हणून चहा अर्धा टाकून गेला.

गाडी त्याच्या आईची. थोरा फ्लेट, नर्स,
ऑर्कनीतल्या त्या एका बेटावर बत्तीस वर्षं.
माझा जन्मही तिच्याच हातांवर झाला म्हणतात;
मी काही साक्षीला उभी राहणार नाही.

बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा मैल.
मोजणीच्या चकत्यांवर आकडा:
एक्याण्णव हजार चारशे सात.
पृथ्वीला साडेतीन प्रदक्षिणा होऊन वर काही उरतात,
आणि चाक एकदाही बेटाबाहेर गेलेलं नाही.
गिऱ्हाइकं सांगतात, शून्यावर आण.
यानं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

उष्णतेच्या मीटरची नळी तांब्याची, दोऱ्याइतकी बारीक;
आतलं ईथर कधीच उडून गेलेलं.
एका मेलेल्या लॉरीची भरलेली नळी मिळाली, ती जोडायची.
ईथर तर हाताच्या उबेनंही उकळतं.
म्हणून स्ट्रॉमनेसच्या मासळीधक्क्यावरून बर्फ आणला,
बादलीभर, त्यात हॅडॉकचे दोन-चार खवले,
वर मूठभर जाडं मीठ.
नळीचा गोळा त्यात बुडवला, आणि वीतभर अंतरावर ज्योत.
इकडे बोटं बधिर, तिकडे डाख वितळतोय,
मधे मी, श्वास धरून.

मग किटलीत बुडवून पाहिलं.
काटा आधी रुसला.
मग नव्वद, एकशे साठ,
दोनशे बारावर जाऊन थांबला, जिथं पाणी उकळतं तिथंच.
थोडं ईथर निसटलंच होतं.
दोन दिवस माझ्या कामाच्या खोलीला दवाखान्याचा वास.

चुकले ते सोप्या कामात.
पेट्रोलच्या तबकडीवर, रिकाम्याच्या थोडं वर,
जांभळा डाग होता.
सवयीनं स्पिरिटचा बोळा फिरवला. अर्धा गेला.
तेव्हा कडा दिसली, गोल, काडीनं टेकवलेली.
डाग नव्हता. ठिपका होता.

फोनवर सिव्हर्ट बराच वेळ गप्प.
वारा ऐकू येत होता, त्याच्याकडचा की माझ्याकडचा.
"घशाला लावायचं औषध ते," म्हणाला.
"काटा तिथं आला की टाकी संपलेली असायची.
आई म्हणायची, मीटर खोटं बोलतो,
पण त्याचं खोटं मला पाठ आहे."
मग म्हणाला, "आधी माहीत नव्हतं तिला.
एका जानेवारीत गाडी माळावर बंद पडली.
बॅग घेऊन तीन मैल चालत गेली."
ती वेळेवर पोचली का,
ते त्यानं सांगितलं नाही.
ठिपका त्या रात्रीनंतरचा.

व्हिस्कीच्या बाटलीचं नवं बूच बसवलं,
लाखेचे तीन हात दिले,
दांडी सरळ केली. मीटर आता खरं बोलतो.
उरलेला अर्धा ठिपका रंगवून पुरा करता आला असता.
जांभळी शाई घरात होती.
बाटली उघडली, वास घेतला, बंद केली.

मे महिन्यात गाडी स्वतःच आली, बोटीच्या पोटातून,
हिरवी, धक्क्यावर थोडी बिचकत.
मी खिडकीतून वाकून आकडा पाहिला:
चारशे सातचे चारशे नऊ.
गोठ्यापासून धक्क्यापर्यंत दोन मैल.
मधला सगळा समुद्र त्यात धरलेला नाही.

काटा ठिपक्याच्या उरलेल्या अर्ध्यावर आला होता.
"अजून पुष्कळ आहे," मी म्हटलं. "पाव टाकी तरी."
"माहीत आहे," सिव्हर्ट म्हणाला,
आणि गाडी आधी पंपाकडे वळवली.